'टेन रिलिंग्टन प्लेस' (१९७१): टिमोथी इव्हान्सला सिनेमाने पूर्ण निर्दोष दाखवलं ते बरोबर की चूक?

पाणवठा (धागाकर्ता):

आपल्याकडे रिचर्ड ॲटनबरो म्हटलं की 'गांधी'चा दिग्दर्शक, बस. पण त्याच्या अकरा वर्षं आधी त्याने जॉन क्रिस्टी नावाच्या खऱ्या खुन्याचं काम केलंय आणि ते डोक्यातून जाता जात नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात (सगळं खरं घडलेलं आहे त्यामुळे स्पॉयलर वगैरे काही नाही). लंडनचं नॉटिंग हिल, आजचं श्रीमंतांचं नव्हे, युद्धानंतरचं, काजळी धरलेलं, पडायला आलेलं. गल्लीच्या टोकाचं १० नंबरचं घर, तीन मजले, तीन बिऱ्हाडं, मागच्या अंगणात सगळ्यांत मिळून एक संडास आणि एक कपडे धुवायची खोली. तळमजल्यावर क्रिस्टी आणि त्याची बायको एथेल. सगळ्यात वर टिमोथी इव्हान्स, वेल्सचा पोरगा, व्हॅन चालवायचा, लिहिता वाचता जेमतेम, त्याची बायको बेरिल आणि तान्ही मुलगी जेराल्डीन. नोव्हेंबर १९४९ मध्ये बेरिलला परत दिवस गेलेले, पैसे नाहीत, गर्भपात बेकायदा, आणि खालचा क्रिस्टी म्हणतो मला यातलं थोडं कळतं, मी करतो. पुढे बेरिल आणि जेराल्डीन दोघींचे मृतदेह त्या धुवायच्या खोलीत सापडतात, दोघी गळा आवळून मारलेल्या. इव्हान्सवर खटला, क्रिस्टी सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार, ज्युरीला निकालाला चाळीस मिनिटं लागली, ९ मार्च १९५० ला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी. आणि तीन वर्षांनी, मार्च १९५३ मध्ये, क्रिस्टी घर सोडून गेल्यावर दुसरा भाडेकरू स्वयंपाकघरातली भिंत ठोकून बघतो तर कागद चिकटवून बंद केलेल्या कोनाड्यात तीन बायकांची प्रेतं. फळ्यांखाली एथेल. अंगणात आणखी दोन सांगाडे.

माझं म्हणणं असं की हा सिनेमा क्रिस्टीवर नाहीचे. कोणाचं बोलणं खरं मानायचं हे कोर्ट आणि पोलीस कसं ठरवतात त्यावर आहे. क्रिस्टी युद्धाच्या काळात राखीव पोलिसात होता, हळू आवाजात, अदबीने, नेमकं बोलायचा. इव्हान्स घाबरला की थापा मारायचा, आयुष्यभर मारत आलेला, आणि जिवावर बेतलं तेव्हा त्याच्याकडे बोलायची दुसरी तऱ्हाच नव्हती. जॉन हर्टने ते जे केलंय, ते डोळे, ते वाक्य अर्धं सोडून इकडेतिकडे बघणं, त्याला तोड नाही. आणि सिनेमाने बाजू घेतली, इव्हान्सने एकही खून केला नाही असं छातीठोकपणे दाखवलं, ते मला शंभर टक्के योग्य वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

दस्तऐवज:

सिनेमा उत्तम आहे, अभिनयाबद्दल वाद नाही. पण तुमच्या शेवटच्या मुद्द्याला माझा ठाम विरोध.

या प्रकरणाची सरकारी चौकशी एकदा नाही, दोनदा झाली. १९५३ ची स्कॉट हेंडरसन चौकशी घाईत उरकलेली होती, क्रिस्टीच्या फाशीआधी संपवायची म्हणून, ती सोडून देऊ. पण १९६५-६६ ची न्या. ब्रेबिन यांची चौकशी सविस्तर होती, आणि त्यांचा निष्कर्ष काय? इव्हान्सने मुलीला मारलं नसावं पण बायकोला बहुधा त्यानेच मारलं. बहुधा हा शब्द महत्त्वाचा, पण सिनेमात तो कुठेय? सिनेमात आपण क्रिस्टीला बेरिलवर गॅसची नळी धरताना, तिचा गळा दाबताना डोळ्यांनी बघतो. एकदा डोळ्यांनी बघितलं की प्रेक्षकाच्या मनात शंका उरतच नाही. १९५३ मध्ये बेरिलचं प्रेत उकरून परत तपासलं तेव्हा त्यात गॅसचा अंश सापडला नाही, कोनाड्यातल्या तिघींच्या शरीरात मात्र सापडला होता. नवरा-बायकोची भांडणं सगळ्या गल्लीला माहीत होती, हाणामारीपर्यंत जायची. एका मजल्यावर खुनी राहतो म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा माणूस आपोआप निर्दोष होत नाही. खऱ्या माणसांची खरी नावं घेऊन सिनेमा काढता तर जिथे माहीत नाही तिथे माहीत नाही असं दाखवायची जबाबदारी येते.

पाणवठा:

ब्रेबिनचा निष्कर्ष जरा शांतपणे परत वाचा. ज्या खुनासाठी इव्हान्सला फासावर चढवलं तो त्याने केला नाही, आणि ज्याचा खटला कधी चाललाच नाही (बेरिलच्या खुनाचा खटला चालवलाच नव्हता, फक्त मुलीचा) तो त्याने बहुधा केला. म्हणजे एकाच घरात, एकाच आठवड्यात, एकमेकांशी संबंध नसलेले दोन गळा आवळणारे, दोघांनी प्रेतं त्याच खोलीत लपवली, आणि त्यातल्या एकाने सहज जाता जाता दुसऱ्यावर आरोप केला तर तो दुसरा निघाला सहा-सात बायकांना मारणारा. असा योगायोग कोणी कादंबरीत लिहिला असता तर आपण पुस्तक मिटून ठेवलं असतं.

आणि गुन्हेगार असा वागतो का हो? ३० नोव्हेंबरला इव्हान्स वेल्समधल्या मर्थरच्या पोलीस चौकीत स्वतःहून गेला. कोणी बोलावलं नव्हतं, कोणाला काही माहीत नव्हतं. पहिल्यांदा क्रिस्टीला वाचवायला म्हणून काहीतरी औषधाची गोष्ट सांगितली आणि प्रेत घरासमोरच्या गटारात टाकलं म्हणाला. लंडन पोलिसांनी जाऊन बघितलं तर त्या गटाराचं झाकण उचलायला तीन पोलीस लागले, आत काही नाही. तिथेच कळायला हवं होतं की हा माणूस घाबरलाय आणि काहीतरी झाकतोय. त्याआधी तो वेल्सहून एकदा परत येऊन क्रिस्टीला विचारून गेला होता, पोर कुठेय, कसंय. कारण क्रिस्टीने त्याला सांगितलेलं की ईस्ट ॲक्टनच्या एका जोडप्याकडे ठेवतो. स्वतः मारलेल्या पोराची चौकशी करायला कोण जातं?

दस्तऐवज:

योगायोग अशक्य वाटतो म्हणून तो घडलाच नाही हा पुरावा नव्हे. आणि "परत येऊन विचारून गेला" याने फार तर मुलीच्या खुनाबद्दल तो निर्दोष ठरतो, जे ब्रेबिन पण म्हणतात. बेरिलबद्दल काहीच ठरत नाही.

गोदाकाठ:

तुम्ही दोघं इव्हान्सने की क्रिस्टीने यावर भांडताय, मला मात्र दोन्ही बाजूंत बेरिल कुठे दिसत नाही याचं फार वाईट वाटतं.

विशीतली मुलगी, एक बाळ पदरात, दुसरं नको आहे, नवऱ्याचा पगार पुरत नाही, हप्त्यावर घेतलेल्या फर्निचरचे पैसे डोक्यावर. डॉक्टरकडे जायची सोय नाही कारण गर्भपात म्हणजे गुन्हा, १९६७ चा कायदा यायला अजून अठरा वर्षं. मग खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला म्हातारा सांगतो की मला येतं, आणि ती विश्वास ठेवते. तिने मूर्खपणा केला असं मला अजिबात वाटत नाही, तिला दुसरा दरवाजाच उघडा नव्हता. सिनेमात ज्युडी गीसनने ती जी एक धास्ती दाखवलीय ना, क्रिस्टी चहाचा कप घेऊन जिना चढतोय आणि ही एकीकडे लाजतेय आणि एकीकडे घाबरतेय, तो सीन मला फाशीच्या सीनपेक्षा जड गेला. आणि क्रिस्टीने मारलेल्या बाकीच्या बायका पण बघा, कोणी युद्धात परदेशातून आलेली, कोणी राहायला जागा नसलेली, कोणी सर्दीवर उपाय सांगतो म्हणून गॅसच्या नळीसमोर बसवलेली. अंगणात पुरलेल्यांपैकी एकीचं मांडीचं हाड तर त्याने वेलीच्या मांडवाला टेकू म्हणून लावलं होतं आणि १९४९ मध्ये पोलीस त्याच अंगणातून ये-जा करत होते. कोणी त्या बायकांना शोधतच नव्हतं हो, म्हणून सापडल्या नाहीत.

इव्हान्सवर अन्याय झाला, मान्य, अगदी मनापासून मान्य. पण पन्नास वर्षं सगळी चर्चा त्याच्या फाशीची आणि बेरिल-जेराल्डीन फक्त "प्रकरणातली प्रेतं" याला माझा आक्षेप आहे.

सह्यवारा:

+१ गोदाकाठ ताई. हा अँगल मी कधी वाचलाच नव्हता.

निशिकांत_एस:

धागा फाशीच्या विरोधाकडे जाणार हे दिसतंच आहे म्हणून आधीच स्पष्ट बोलतो. इव्हान्सची फाशी चूक होती. पण त्यावरून फाशीच नको हे मला पटत नाही. क्रिस्टीलाही १५ जुलै १९५३ ला त्याच पेंटनव्हिलमध्ये, त्याच जल्लादाच्या, पिअरपॉईंटच्या हातून फाशी झाली, त्याच्याबद्दल इथे एक तरी माणूस रडतोय का? तो जिवंत सुटायला हवा होता का? १९५० मध्ये डीएनए नव्हतं, आज आहे. आज अशी केस उभीच राहणार नाही. एका चुकीच्या निकालासाठी अख्खी शिक्षा मोडीत काढायची तर मग चुकीच्या ऑपरेशनसाठी सर्जरी बंद करायची का. सिनेमा भावनेला हात घालतो आणि लोक वाहवत जातात. ॲटनबरोने स्वतः सांगितलं होतं की स्क्रिप्ट न वाचता रोल घेतला कारण हा फाशीविरुद्धचा सिनेमा आहे. म्हणजे प्रचार करायचं आधीच ठरलेलं होतं.

काळाकोट:

निशिकांतजी, डीएनएने सगळं सुटतं हा फार मोठा गैरसमज आहे, मी फौजदारी कोर्टात रोज उभा असतो म्हणून सांगतो. इव्हान्सला डीएनएच्या अभावाने फाशी झाली नाही. कबुलीजबाबाने झाली.

२ डिसेंबर १९४९ च्या रात्री नॉटिंग हिल पोलीस चौकीत त्याला बायकोचे आणि मुलीचे कपडे समोर टाकून दाखवले, त्यातच मुलीच्या गळ्याला बांधलेला टाय. तोपर्यंत मुलगी जिवंत आहे अशी त्याची समजूत होती (हे त्याने कोर्टात सांगितलं). त्या रात्री त्याने कबूल केलं. नंतर कोर्टात म्हणाला मुलगी गेल्याचं ऐकून सगळंच संपलं असं वाटलं, आणि नाही म्हटलं तर खाली नेऊन मारतील अशी भीती होती. कबुलीत त्याने दोन्ही प्रेतं ८ आणि १० नोव्हेंबरला त्या खोलीत ठेवली म्हटलंय. पण त्या दिवसांत घरात दुरुस्तीचं काम चालू होतं आणि कामगार त्याच खोलीत सामान ठेवत होते, त्यांना काही दिसलं नाही. त्यांचे जबाब पोलिसांना कबुलीशी जुळेनात म्हटल्यावर त्यांना परत बोलावून परत विचारलं गेलं. कबुली एकदा हातात आली की बाकीचा पुरावा तिच्या मापाने कापला जातो, हे मी आजही बघतो.

आता यात आपल्यासाठी एक गोष्ट फार बोलकी आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५, पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हा कायदा इंग्रजांनीच इथे केला, इथल्या पोलिसांवर त्यांचा भरवसा नव्हता. स्वतःच्या देशात मात्र लंडनच्या चौकीतली कबुली थेट ज्युरीपुढे वाचता यायची. इव्हान्स त्या वेळी मुंबईच्या सेशन्स कोर्टात उभा असता तर ती कबुली त्याच्याविरुद्ध वाचताच आली नसती. (आता नवीन साक्ष अधिनियमात ते कलम २३ झालंय. आणि आपल्याच महाराष्ट्राच्या मोक्कात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, तो वेगळा आणि मोठा विषय.)

आणि "आज अशी केस उभीच राहणार नाही" म्हणता? २००३ च्या महाराष्ट्रातल्या एका दरोडा-खून-बलात्काराच्या केसमध्ये भटक्या जमातीतले सहा जण. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाच्या सहा जणांना फाशी दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा पुढे तपासच झाला नाही. सोळा वर्षं गेली त्या माणसांची. २०१० मध्ये फाशी उरकली असती तर भरपाई कोणाच्या हातात दिली असती?

निशिकांत_एस:

काळाकोट, केस माहीत नव्हती, वाचतो. पण तुमच्याच उदाहरणात शेवटी सुप्रीम कोर्टाने चूक दुरुस्त केलीच ना? म्हणजे यंत्रणा चालते. इंग्लंडमध्ये जानेवारीत निकाल आणि मार्चमध्ये फाशी, दोन महिन्यांत खेळ खल्लास, तसं आपल्याकडे होत नाही, फेरविचार, क्युरेटिव्ह, दयेचा अर्ज, वर्षानुवर्षं जातात. माझा मुद्दा अजून तोच आहे. कसाबसारख्याला फाशी नाही तर काय?

पाणवठा:

निशिकांत, त्या सहा जणांच्या बाबतीत यंत्रणा चालली कारण माणसं जिवंत होती. बस्स एवढंच कारण. इव्हान्सच्या बाबतीत सगळं कळलं तेव्हा तो तीन वर्षं तुरुंगाच्या आवारात पुरलेला होता.

आणि "प्रचार" म्हणालात म्हणून. हा सिनेमा आला तोवर ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ ला थांबलेली, १९६९ ला कायमची गेलेली. प्रचाराची वेळ टळून गेली होती. सिनेमात भाषण नाही, रडकं संगीत नाही, फाशीचा सीन तर एवढा झटकन संपतो की श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, कारण तो तसाच व्हायचा, त्यासाठी खुद्द पिअरपॉईंटचा सल्ला घेतला होता. शूटिंग त्याच गल्लीत केलं, पाडायच्या आधी. ज्या गृहमंत्र्याने इव्हान्सची दया नाकारली त्या चुटर ईडने पुढे १९५५ मध्ये संसदेत उभं राहून फाशीविरुद्ध बोलताना हीच केस सांगितली, आपण पाठवलेला माणूस त्या गुन्ह्याचा दोषी नव्हता म्हणून. त्याच्यावर कुठल्या सिनेमाने प्रचार केला होता?

अनिता_लंडन:

मी इथे पश्चिम लंडनमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून थोडं लिहिते. त्या गल्लीचं नाव लोकांच्या मागणीवरून आधीच बदलून रस्टन क्लोज केलेलं, सिनेमानंतर घरं पाडली, आता तिथे बार्टल रोडच्या बाजूची नवी घरं आहेत. माहीत नसेल तर काही कळणार नाही.

पण मला दस्तऐवज आणि पाणवठा दोघांनाही एक सांगायचंय. १९६६ मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्सच्या शिफारशीवरून इव्हान्सला राणीची माफी मिळाली. माफी! न केलेल्या गुन्ह्याची माफी. दोष कायदेशीररीत्या रद्द झालेलाच नाही आजतागायत. डेरेक बेंटलीची केस आठवा, १९५३ ची फाशी, एकोणीस वर्षांचा मुलगा, पोलिसावर गोळी झाडणारा दुसराच होता आणि हा आधीच पोलिसांच्या ताब्यात होता. त्याच्या बहिणीने आयुष्य घालवलं त्यात, आणि १९९८ मध्ये अपील कोर्टाने त्याचा दोषच रद्द केला. (बहीण त्याच्या आदल्या वर्षी गेली, तिला तो दिवस बघायला मिळाला नाही.) इव्हान्सच्या बहिणींना २००३ मध्ये भरपाई मिळाली, आणि भरपाई ठरवणाऱ्या गृहखात्याच्या परीक्षकाने लिहिलं की बेरिलच्या खुनात त्याला गोवणारा पुरावा नाही. २००४ मध्ये हायकोर्टाने म्हटलं त्याने दोघींनाही मारलं नाही हे आम्ही मान्य करतो, पण दोष रद्द करायला केस परत अपिलात पाठवण्याचा खर्च आणि वेळ परवडण्यासारखा नाही.

हे वाचून मला संताप आला होता आणि अजून येतो. फाशी द्यायला तीन दिवसांचा खटला पुरला आणि नाव पुसून काढायला कोर्टाकडे वेळ नाही.

दस्तऐवज:

अनिता, २००३ आणि २००४ चे मुद्दे वजनदार आहेत आणि मी ते बाजूला सारत नाही. पण बघा, ते निष्कर्ष सिनेमानंतर तीस-तेहतीस वर्षांनी आले. १९७१ मध्ये दिग्दर्शकाच्या टेबलावर ताजा अधिकृत कागद होता तो ब्रेबिनचा. त्याने तो बाजूला ठेवून पत्रकार लुडोविक केनेडीच्या पुस्तकातली, इव्हान्स निर्दोष ही बाजू उचलली. पुढे ती बाजू खरी निघाली म्हणून तेव्हा ती निवडणं बरोबर होतं असं होत नाही. उद्या कोणी दुसऱ्या केसवर असाच जोरदार सिनेमा काढेल, खऱ्या नावांनी, आणि ज्याला त्यात खुनी दाखवलाय तो खुनी नसेल, तेव्हा काय म्हणाल? क्रिस्टी मेलेला होता, दोषी होता, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं म्हणून हे सोपं गेलं.

गोदाकाठ:

दस्तऐवज, इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. अधिकृत कागद १९५० मध्ये पण होता, कोर्टाचा निकाल म्हणजे त्याहून अधिकृत काय. १९५३ मध्ये पण होता. दोन्ही वेळा कागद चुकला. केनेडीने १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा तो अधिकृत कागदाच्या विरुद्धच गेला होता, आणि म्हणून तर दुसरी चौकशी लागली. सिनेमावाल्यांनी कबुलीजबाब, कामगार, गटार, पोराची चौकशी हे सगळं बघितलं आणि आपलं मत बनवलं. मत बनवायचा हक्क फक्त न्यायाधीशाला कसा?

काळाकोट:

दस्तऐवज यांचा धोक्याचा मुद्दा मला पटतो, जिवंत माणसाच्या बाबतीत तर नक्कीच, अब्रूनुकसानीचा दावा लागेल. पण क्रिस्टीने बेरिलला मारल्याची कबुली स्वतः दिली होती १९५३ मध्ये. जेराल्डीनची मात्र कधीच दिली नाही, आणि का दिली नाही ते उघड आहे, तिची कबुली म्हणजे माझ्या साक्षीने निर्दोष माणूस फासावर गेला हे मान्य करणं.

दस्तऐवज:

क्रिस्टीच्या कबुल्या सारख्या बदलत होत्या आणि वेडेपणाचा बचाव घ्यायचा तर जितके खून जास्त तितकं बरं असा त्याचा हिशोब होता. इव्हान्सच्या कबुलीवर विश्वास नको म्हणता, मग क्रिस्टीच्या कबुलीवर कसा चालतो? एकतर दोघांच्या कबुल्या बाजूला ठेवा नाहीतर दोघांच्या धरा.

पाणवठा:

ठेवा दोघांच्या बाजूला, मी तयार आहे. कामगारांचे पहिले जबाब, पोराची चौकशी करायला झालेली ती फेरी, स्वतःहून गाठलेली पोलीस चौकी आणि १९५३ मध्ये त्या घरातून निघालेली सहा प्रेतं, एवढंच समोर ठेवा आणि सांगा बेरिलला कोणी मारलं असेल.